व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा

शनिवार, २२ नोव्हेंबर. आर. के. पुरम

कुमुदने कॅमेरा घेऊनही टाकला. मला न विचारता. दोन महिने आम्ही दोघी दुकानं पालथी घालत होतो. फिल्म आणि फोटो दोन्ही चांगले निघतील, शिवाय खांद्यावरच्या पिशवीत मावेल, असा कॅमेरा हवा होता. माझी अट एकच, व्ह्यूफाइंडर. फिल्म काढायची काला अंबच्या युद्धस्मारकावर, आणि तिथल्या भर उन्हात मला स्क्रीनवर काही दिसत नाही. डोळा लावल्याशिवाय चित्रीकरण जमत नाही. कुमुदला हे पक्कं माहीत आहे. आमच्या मंडळाच्या सगळ्या फिल्म मीच काढल्या आहेत.

आज तिने खोका उघडला. छोटा, सुबक. व्ह्यूफाइंडर नाही.

"व्हिडिओ याचाच बेस्ट आहे गं. आत पंखा आहे, तापत नाही."

"आणि मी बघू कुठून?"

ती उगाच बॅटरी काढून पुन्हा बसवत राहिली. मग म्हणाली, "या वेळी तू फक्त लोकांना प्रश्न विचार ना यार. कॅमेरा आमची सून धरेल. मंडळात ठरलंय तसं."

ठरलंय. कधी? म्हणजे दुकानदाराशी माझ्यासाठी 'व्ह्यूफाइंडर तो चाहिए ही' म्हणून भांडत होती, तेव्हाही ठरलेलंच होतं? तोंडावर म्हणाली असती, तुझी नजर गेली आता, तर ऐकून घेतलं असतं.

निघताना वर म्हणते, "सुनेला जरा शिकवशील ना?"

हो म्हणाले. उद्या दुपारी बाराला बोलावलंय. गच्चीवर.