सुती काही घेऊ नकोस

अण्णा,

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका दुकानात मी दीड तास जाकीट निवडत होते. लेकीनं यादी करून दिली होती. यादीत सगळ्यात वर, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, सुती काही घेऊ नकोस. आतले कपडे सुती नकोत, मोजे नकोत, गळ्याला गुंडाळायचा रुमालसुद्धा नको. हे तुमच्या नातीचं अक्षर. ती जन्मली तेव्हा तुम्ही नव्हतात, त्यामुळे तिचा काही दोष नाही. आजोबा धारूरच्या सहकारी जिनिंगमध्ये बावीस वर्षं कापसाची प्रत ठरवत होते एवढं तिला ठाऊक आहे, पण एखाद्याचे आजोबा तलाठी होते हे ठाऊक असावं तितपतच. नोव्हेंबरात आम्ही दोघी उत्तराखंडात जाणार आहोत. हॉटेलात उतरून गाडीच्या काचेतून डोंगर बघायचे नाहीत, तर पाठीवर सॅक घेऊन गावोगाव चालायचं, मिळेल त्या बसनं पुढं जायचं, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. फार हौस होती असं नाही, नको म्हणायलाही काही कारण सापडलं नाही.

दुकानातली मुलगी समजूतदार होती. छप्पन वर्षांची बाई पहिल्यांदा असलं काही घ्यायला आलीय हे बघून तिनं मला स्टुलावर बसवलं आणि शांतपणे समजावलं. एकच जाडजूड कोट घेतला की चढावर उकडतं, काढला की हुडहुडी भरते, म्हणून थर करायचे. अंगाला लागून एक पातळ, घाम ओढून बाहेर टाकणारा. त्यावर ऊब धरणारा. सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारा. मधल्या थरासाठी तिनं फ्लीस नावाचं मऊ कापड पुढं ठेवलं. माझी दोन्ही बोटं आपोआप त्यातली चिमट धरून ओढायला लागली, धाग्याची लांबी बघायला. काही सुटून आलं नाही. ती म्हणाली, हे प्लास्टिकच्या बाटल्यांपासून करतात. मी म्हटलं, बरं. तुम्ही असतात तर ते कापड नाकाला लावून एका बोटानं बाजूला सारलं असतंत.

मग फुगीर जाकिटं निघाली. एकात पिसं, दुसऱ्यात बनावट भरण. पिसांचं इतकं हलकं की हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटेना, आणि घडी करून स्वतःच्याच खिशात मावणारं. पण ते भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. बनावट भरणाचं जरा वजनदार, पण ओलं झालं तरी अंग गरम ठेवतं. तिकडं कधीही पाऊस येतो म्हणतात, म्हणून मी दुसरं घेतलं. वरचं जाकीट तिनं मुद्दाम एक माप मोठं दिलं, आतले दोन थर मावावेत म्हणून. मला हात वर करायला लावले, बुटाची नाडी बांधल्यासारखं वाकायला लावलं, काखेतली चेन उघडून दाखवली, चढावर वाफ बाहेर जाते म्हणे. शेवटी बाटलीतलं पाणी तिनं बाहीवर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. मी बाहीत आतून हात घालून पाहिला, कोरडं होतं. असल्या कापडापुढं तुमच्या हाताला काही कामच उरलं नसतं.

बिल करताना मी सहज विचारलं, सुती एवढं वाईट का. ती म्हणाली, "कॉटनचं काय आहे मॅडम, ते पाणी धरून ठेवतं आणि कळू देत नाही. वरून कोरडं लागतं." मी म्हटलं, माहीत आहे मला. पिशव्या घेतल्या आणि बीडची गाडी धरली.

माहीत असूनही मी ऐकलं नाही हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. रविवारी सकाळी सराव म्हणून मी कपिलधारला गेले. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि डाळीच्या पिशव्या भरल्या, तिन्ही थर चढवले, आणि सगळ्यांच्या आत माझी जुनी सुती शमीज घातली. कुणाला दिसणार होती? पन्नास वर्षं अंगाला जे लागत आलंय ते एका यादीवरून काढून टाकायला मन होईना. लेकीनं असंही बजावलं होतं की निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, घाम यायच्या आत एक थर काढायचा. मी तेही केलं नाही. चढून वर पोचेपर्यंत निथळले. धबधब्याला यंदा बारीक धार आहे, देवळापाशी चार-पाच माणसं होती. कठड्यावर बसून मी वरचे दोन थर काढले आणि वारा आला. पाठ बर्फ झाली. हात मागं नेऊन शमीज चाचपली तर बोटांना ती कोरडीच वाटली. तासभर तशीच कुडकुडत बसले. मला काही आठवून भरून आलं वगैरे नाही. पाठ गार पडली, एवढंच. पण घरी आल्यावर वही काढली.

त्या दुष्काळाच्या वर्षी मी अठरा वर्षांची होते. पऱ्हाटी गुडघ्याएवढी राहिली होती, बोंडं सुपारीएवढी, आणि पाच वेचण्यांच्या जागी दोन झाल्या. जिनिंगच्या आवारात गाड्या कमी आणि भांडणं जास्त. मी तुमचा डबा घेऊन यायची. जेवून झालं की तुम्ही मला गाड्यांपाशी न्यायचात आणि शिकवायचात. कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळव्याला गारवा लागतो का बघायचं. आतली सरकी काढून दाताखाली धरायची, कट्ट वाजली तर माल कोरडा, दबली तर ओला. एकदा मी वरचा पुंजका बघूनच सांगितलं की कोरडा आहे, तर तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. "वरचं बघून सांगू नको. आत घाल हात." एवढी जोरात नव्हती, पण बघणारे होते म्हणून लागली. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन आले. मला ते काम आवडायचं.

वेचणीला मी मामाकडे गेले होते, घाटाच्या वरच्या अंगाला. आईचा हा एकुलता भाऊ. लबाड माणूस नव्हता तो, तुम्हालाही माहीत आहे. गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. मामाच्या खोलीत कापूस छताला लागायला हवा होता, तो कमरेपर्यंतही नव्हता, आणि इतका सुकलेला की पायाखाली चुरचुरायचा. गाडी भरायच्या दिवशी सकाळी मामानं पाण्याची घागर आणून ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाला, "उन्हानं खाल्लेलं वजन माघारी घालायलोय, चोरी न्हाई ही." मग त्यानं विचारलं, "किती घातलं तर दाजीला कळायचं न्हाई?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, घागर मीच घेतली. कडुलिंबाची डहाळी बुडवून मी शिंपडत होते आणि मामा कापूस टाकत होता. खाली कोरडा थर, मध्ये दोन थर शिंपडलेले, वर पुन्हा कोरडा. वरचा थर किती जाड ठेवायचा हे मीच ठरवलं. कोपरापर्यंतच्या तुमच्या हाताची लांबी मला पाठ होती, त्यावर चार बोटं जास्त धरली. मामी दारात उभी राहून बघत होती. ते त्यांचं प्यायचं पाणी होतं.

दुपारी आम्ही जिनिंगवर पोचतो. रांगेत आमच्या पुढं सहा-सात गाड्या आहेत. तुम्ही कामावर कुणाला ओळख दाखवत नाही, तशी आम्हालाही दाखवत नाही. आमचा नंबर आल्यावर तुम्ही चाकावर पाय देऊन वर चढता, कोपरापर्यंत हात घालता, सरकी काढून चावता. कट्ट. मला ऐकू येतं. तुम्ही खिशातून पेन काढता. मी गाडीच्या साटीवर बसून तुमच्या कोपराकडे बघत असते, आणि तुम्ही मला तसं बघताना बघता. पेन खिशात परत जातं. तुम्ही शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारता आणि पुन्हा हात घालता, आत, अगदी आत, गाल कापसाला टेकेपर्यंत. तसं करताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यात पाणी हाय," तुम्ही म्हणालात. "गाडी माघारी न्या, वाळवून आणा."

मामा म्हणाला, "दाजी, घरचा कापूस हाय."

"म्हणूनच दोनदा हात घातला."

मागच्या गाडीवरचं कुणीतरी हसलं. मामानं बैल वळवले. मला उतर म्हणाला, तुझं घर हितंच हाय म्हणाला, पण पाणी कुणी शिंपडलं हे त्यानं सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. घरी येऊन हातपाय धुतलेत आणि मला एवढंच म्हणालात, "उद्यापास्नं डबा आणू नको." त्यानंतर तुम्ही माझ्या हातावर कधी कापूस ठेवला नाही.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. मामा यायचा बंद झाला. आईनं दोन भाऊबिजांना ताट करून ठेवलं आणि तिसऱ्या वर्षापासून केलं नाही. बारा वर्षं ती माहेरी गेली नाही. आजी गेल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला, तोवर सगळं उरकलं होतं. आई शेजारणीला सांगायची की माझ्या भावानं लबाडी केली आणि माझ्या नवऱ्यानं माया केली नाही, मी कुणाच्या बाजूनं बोलू? मी चुलीपाशी बसून ऐकायची. माझ्या एका वाक्यानं तिला निदान भाऊ तरी परत मिळाला असता. पोरीनं आगाऊपणा केला म्हणून दोन्ही घरांनी मला बोलून घेतलं असतं आणि विषय संपला असता. मी बोलले नाही. पहिल्या वर्षी भीतीनं, नंतर उशीर झाला म्हणून, आणि त्याच्या नंतर कशामुळे ते मला सांगता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मामा आला. बारा वर्षांनी उंबरठ्याच्या आत आला, तुमच्या पायाशी उभा राहिला, आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पोरी, म्या कुणाला न्हाई सांगितलं. तू बी आता सांगू नको." बायका म्हणत होत्या, हिला रडवा, हिला धक्का बसलाय. मला धक्का बसला नव्हता. हातावर झोपलं की हात बधिर होतो, आपलाच असून परका लागतो, तसं काहीतरी होतं. मला वाटलं, थोड्या वेळानं मुंग्या येतील आणि मग दुखेल. सव्वीस वर्षं झाली. आई गेली तेव्हाही तसंच, मागच्या वर्षी मामा गेला तेव्हाही तसंच. लेकीला माझी काळजी वाटते. मला वाटतं, त्या डोंगरात नेण्यामागं तिचं तेच आहे, थंडीनं तरी आईला काही वाटेल.

आता दुपारचे तीन वाजलेत. शमीज काढून मी यादीबरहुकूम तिन्ही थर घालून बघितले. वर पंखा गरगरतोय आणि आत घाम आलाय, पण तो अंगाला राहत नाही, बाहेर जातो. ती मुलगी खरं सांगत होती. सॅक भरून दाराशी ठेवलीय, सुती एकही कपडा नाही त्यात. हे पत्र वहीतच राहणार आहे. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि ज्यांना वाचून दाखवावं अशी दोन माणसंही राहिली नाहीत.

पाणी मी शिंपडलं हे कबूल करायला मी लिहायला बसले नाही. ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. कबूल करायचं आहे ते वेगळंच. मामानं बैल वळवले तेव्हा मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, आईचं काय होईल हे मनात यायला हवं होतं. तसं काहीच झालं नाही. मला आनंद झाला होता, अण्णा. मी एवढं मोजून मापून केलेलं तुम्ही ओळखलंत म्हणून. रांगेतल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की हा माझा बाप आहे. तितकं मला नंतर कशाचंच वाटलेलं नाही.