बेटावरचे हात

पेनेइरा टेकडी, १९ मार्च १९९५

चि. नेरेऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे बरे. तुमच्याकडची नदी सध्या शहाण्यासारखी वागते आहे असं होडीवाल्या ओनोफ्रेने सांगितलं, तेव्हा जिवाला बरं वाटलं. इवोनेतेच्या उलट्या थांबल्या का? तिला म्हणावं, सकाळी उठल्याउठल्या कोरडी बिस्किटं खा आणि चूल माझ्या भावाला पेटवू दे. बाप होणाऱ्याने थोडा धूर खाल्ला तर काही बिघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. पालिकेच्या पैशातून यंदा आपल्या भागात काय करायचं, ते ठरवायची मोठी सभा जूनमध्ये आहे. गेल्या वर्षी आम्ही आमची बाग बाजूला ठेवून तुमच्या होड्यांच्या धक्क्यासाठी हात वर केले, हे तुला सांगायला नको. तेव्हा मी दारोदार फिरून शब्द दिला होता की पुढल्या सभेत बेटावरचे हात आपले. शेजारची क्लेउसा त्या वेळीही म्हणाली होती की झुल्मिरा, भाऊ तुझा आहे, आमचा नाही. मी तिला म्हटलं, वर्षभर कळ काढ.

वर्ष झालं. पोरं अजून उताराच्या रस्त्यावरच चेंडू खेळतात. क्लेउसाच्या नातवाला तिथेच बसने उडवलं, तो अजून लंगडतो. म्हणून बंद पडलेल्या खाणीच्या मैदानावर बाग व्हायलाच हवी. रोज संध्याकाळी एक गल्ली धरते आणि घरोघरी विचारते, बागेत काय पाहिजे. पोरांना झोके, बायकांना दिवा आणि नळ. बहिऱ्या अदाईरला फक्त एक बाक हवा, तोही सुनेच्या घराकडे पाठ करून. मी म्हटलं, मांडते सभेत. तो म्हणाला, सुनेचं नाव तेवढं घेऊ नकोस.

उत्तर लवकर पाठव. बहिणीवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
झुल्मिराताई


गार्सास बेट, ९ एप्रिल १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. इवोनेते बिस्किटं खाते. चूल मीच पेटवतो. भाताला धुराचा वास येतो अशी तिची तक्रार आहे, पण ताट पुसून खाते. तू मतं विचारायला निघालीस म्हणजे आता टेकडीवरची कुत्रीसुद्धा सुटायची नाहीत.

त्या मैदानाबद्दल थोडं सविस्तर कळव. लांबी-रुंदी किती? गेल्या वर्षीच्या मोठ्या पावसात तिथे पाणी साचलं होतं का? खाली खडक आहे की भराव? पाण्याची मोठी नळवाट कुठून जाते? ट्रक आतपर्यंत येतो का? सभेत बोलायचं तर सगळं माहीत असलेलं बरं.

इकडे पुराची ओल अजून भिंतींत आहे. पलंग विटांवर चढवला होता, तो खाली घ्यायला इवोनेते तयार नाही. असो.

तुझ्या मायेत आम्हां दोघांना ठेव.
तुझा
नेरेऊ


पेनेइरा टेकडी, ७ मे १९९५

चि. नेरेऊस,
अनेक आशीर्वाद. तुझे प्रश्न वाचून हसू आवरेना. लहानपणी कोंबडी आणायला पाठवलं तर लंगडी घेऊन येणारा तू, आता जमिनीचा ठाव विचारतोस! क्लेउसाला मुद्दाम वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, बाग आमची आणि झोप उडाली माझ्या भावाची. जाताना ती मक्याचा केक ठेवून गेली. तिचं तेवढंच असतं.

तर ऐक. मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढं आणि वर अर्धं. अदाईर आणि मी दोरी धरून मापलं. त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे दोरी एकीकडे आणि तो दुसरीकडे, पण मापलं. पाणी थेंबभर साचत नाही, खाली अख्खा खडक आहे. मोठ्या पावसात आमच्या अंथरुणांना बुरशी आली, पण दुसऱ्या दिवशी पोरं तिथे कोरड्या पायांनी खेळत होती. नळवाट कोपऱ्यावरूनच जाते. खाणीचे ट्रक यायचे तो रस्ता तसाच आहे.

सभेच्या दिवशी दुपारीच या. आम्ही शाळेत मोठ्या पातेल्यांत खारवलेल्या मांसाचा भात लावणार आहोत. पाहुणे हात वर करायला येतात, तर त्यांना उपाशी कसं बसवायचं? सभागृहातला माईक कोकलतो, मागच्यांना शब्द कळत नाही. म्हणून आमच्या सगळ्यांना पढवून ठेवलं आहे की शेवटी माझा भाऊ बोलेल, तो थांबला की हात वर. चुकायला नको.

इवोनेतेला घेऊनच ये. तिला बघायचं आहे.
तुझी वाट बघणारी
झुल्मिराताई


गार्सास बेट, ४ जून १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. दोन होड्या भरून येतो. भात जास्त लाव, इकडची माणसं खाण्यात मागे राहत नाहीत. तू बोललीस की मग मी बोलेन.

ताई, काहीही झालं तरी तू माझी ताई आहेस. जास्त लिहीत नाही.
तुझा
नेरेऊ


पेनेइरा टेकडी, १९ जून १९९५

नेरेऊ,
आशीर्वाद लिहायला पेन उचलत नाही. तो तू समजून घे, किंवा घेऊ नकोस.

तुझ्या माणसांनी दोनदा-दोनदा भात घेतला. एकाने मला सांगितलं की असा भात त्याच्या आईनंतर आजच खाल्ला. मी वेडी, त्याला खरवडही काढून दिली. इवोनेतेने मात्र ताटाला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाली. मी तिच्यासाठी वेगळं सूप केलं, पाठ चोळून दिली, तर ती रडायला लागली. मला वाटलं, पोटुशी बाई, येतं रडू.

मग सभा. मी बोलले, झोके, दिवा, नळ, बाक, सगळं बोलले. टाळ्या पडल्या. तू माईक घेतलास, माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि म्हणालास की खाणीच्या मैदानावर बेटावरच्या पूरग्रस्तांना घरं हवीत. पाणी साचत नाही म्हणालास. खाली अख्खा खडक आहे म्हणालास. नळवाट कोपऱ्यावर आहे, ट्रक येतो म्हणालास. माझी सख्खी बहीण तिथेच राहते, तिला विचारा म्हणालास. आणि पालिकेच्या माणसाने सगळ्यांसमोर मला विचारलं की बाई, हे खरं का.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? खरंच होतं ते.

तू थांबलास. बेटावरचे हात वर गेले. आणि मी पढवून ठेवल्याप्रमाणे टेकडीवरचेही गेले, मागच्या सगळ्या रांगांमधून. पुढच्या ओळीतली क्लेउसा वळून ओरडत होती की खाली घ्या, खाली घ्या, पण कोकलत्या माईकपुढे तिचं कोण ऐकतं? अदाईरने तर दोन्ही हात वर केले होते आणि माझ्याकडे बघून हसत होता, काम फत्ते झालं म्हणून. मी उभी राहून सांगेपर्यंत मोजणी संपली होती.

केसाने गळा कापलास. मला एवढंच कळव, मार्चमध्ये मी बागेचं लिहिलं तेव्हा तुला ठाऊक होतं का?
झुल्मिरा


गार्सास बेट, २ जुलै १९९५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, तू घेतलास तर.

होय, ठाऊक होतं. फेब्रुवारीत पालिकेचा माणूस येऊन सांगून गेला की काठावरची घरं उठणार, आणि कोरडी जागा एकच आहे, तुमची खाण. भागातल्या लोकांनी मागितली तरच मिळेल. आधी बोभाटा झाला तर टेकडी सभागृह भरून टाकेल असंही म्हणाला. त्याने नसतं सांगितलं तरी मला माहीत होतं. सभागृह भरावं तर तूच. ताई, मी तुला घाबरलो.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली आहे. गेल्या सप्टेंबरच्या पुरात आम्ही दोन दिवस छपरावर होतो. इवोनेतेला तेव्हाही दिवस गेले होते. उतरल्यावर ते मूल गेलं. कुणालाच सांगितलं नाही. आता नदीचं पाणी नुसतं गढूळ झालं तरी ती पलंगावर चढून बसते. हे दुसरं मूल मला या घरात जन्माला घालायचं नाही.

तुला सगळं लिही म्हणून ती माझ्या मागे लागली होती. तो भात आपल्या घशाखाली उतरणार नाही, हे तिने होडीतच सांगितलं होतं. माझ्या उतरला. हातांची खूण मी ठरवली नव्हती. पण वाचल्यावर तुला थांबवलंही नाही.

पहिल्या घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आमचं घर तुझ्या दारासमोर येतं आहे. एका कोपऱ्यात झोके बसवा म्हणून मी पालिकेत खेटे घालतो आहे.

तुझ्या पायांशी
नेरेऊ


पेनेइरा टेकडी, ३० जुलै १९९५

चि. नेरेऊस,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना मुलाच्या ओळीपाशी आले आणि पुढचं त्या दिवशी वाचवलं नाही. सप्टेंबरात मला का नाही कळवलंस? मी ओनोफ्रेच्या पाठीवर बसून आले असते. इवोनेतेच्या उशाशी बसायला तिथे कुणी बाईमाणूस नव्हतं, हे आता माझ्या डोक्यातून जाणार नाही.

पण त्याने हिशेब मिटत नाही, बाबा. मी टेकडीवरच्या एकेका घराला विचारलं की बागेत काय हवं. एकाही घराला मला हे विचारता आलं नाही की माझ्या भावाची बायको पाण्याला भिते, तर बाग सोडता का. नाही म्हणाले असते, शिव्या घातल्या असत्या, क्लेउसाने तर दार लावलं असतं. मी पुन्हा गेले असते. पुन्हा. तुला माहीत आहे मी गेले असते. सभागृह मी तुझ्यासाठी भरलं असतं. ते तू मला करू दिलं नाहीस, मैदान आमच्याच हातांनी चोरून नेलंस.

इकडची हकिकत म्हणशील तर मी सभेतलं टेकडीचं प्रतिनिधीपद सोडलं. लोकांनी क्लेउसाला निवडलं, मीही तिच्यासाठीच हात वर केला. ती माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पावाच्या दुकानात एकीने विचारलं की बेटवाल्यांना घराबरोबर भातही पोचवणार का. अदाईर तेवढा हसतो. म्हणतो, दोन्ही हात वर केले, आता दोन सुना मिळाल्या तर काय करू. पोरं रस्त्यावरच खेळतात. झोक्यांसाठी खेटे घालतोस ते घाल, पण माझं नाव सांगून घालू नकोस.

काल मैदानावर खुंट्या ठोकल्या. तुमचं दार कुठे येईल ते मी जाऊन बघितलं. इवोनेतेला सांग, माझ्याकडे नळ आहे, तिने पाणी भरायला बिनधास्त यावं. बाळंतपण मी करीन. रात्रीबेरात्री हाक मारायची, लाजायचं नाही. मूल माझ्या मांडीवर वाढेल.

तूही येशील. संध्याकाळी माझ्या पायरीवर सगळे बसतात, ‘माते’च्या कडू चहाची एकच तुंबडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरते. बस तू. पायरीवरून तुला कुणी उठवणार नाही. तुंबडी मी भरते, मीच देते. ती क्लेउसाकडे जाईल, अदाईरकडे जाईल, इवोनेतेकडे जाईल. तुझ्या हातात मी ती देणार नाही, आणि का देत नाही हे तिथे कुणीही विचारणार नाही.

कळावे.
झुल्मिरा