युनिट दोन बंद पडणार नाही

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. वही कपाटात, गणवेशाच्या खाली.

नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. आपलं कोळशावरचं युनिट दोन येत्या डिसेंबरअखेर बंद करणार. कारण काय, तर देशात आता उन्हाची आणि वाऱ्याची वीज भरपूर झाली. सगळी कंट्रोल रूम चेहरे पाडून बसली होती. मी एकटा शांत. एकोणतीस वर्षांत अशी अकरा परिपत्रकं पाहिली. त्यातून बंद झालं ते फक्त कॅन्टीन.

संकल्प: मंत्रालयाला चाळीस पानी निवेदन. विषय: 'सूर्य संध्याकाळी मावळतो'. मुद्दा इतका बिनतोड आहे की अर्ध्या पानात संपेल. पण चाळीस पानांना वजन असतं.

९ जानेवारी
निवेदनाचा विषय अधोरेखित केला. लाल शाईने.

२१ जानेवारी, रात्र
सकाळी अकराला लोड डिस्पॅचचा फोन. (देशात कोणी किती वीज बनवायची ते हे लोक ठरवतात.) युनिट दोनशे दहावरून एकशे वीस मेगावॉटवर आणा म्हणे, ऊन चांगलं पडलंय. पूर्वी या फोनवर एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ असायचे. आता एक मुलगी असते. तिला समजावलं, बॉयलर म्हणजे नळ नव्हे, फिरवला की बंद. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं काका, पण एकशे वीसच करा.

काका. केलं एकशे वीस. संध्याकाळी सातला तिचाच फोन, वाढवा आता. शेवटी आलीच ना आमच्या दारात. मी मुद्दाम चार रिंग वाजू दिल्या.

२ फेब्रुवारी
बायकोने घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचा विषय काढला. लेक पवनचक्क्यांच्या कंपनीत लागल्यापासून घरात ही भाषा आली आहे. मी स्पष्ट सांगितलं, ज्या माणसाने एकोणतीस वर्षं या गावाला वीज पुरवली, त्याच्या छतावर पॅनेल म्हणजे हलवायाने शेजारून पेढे आणल्यासारखं. बायको मोजायची टेप शोधायला उठली. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
ड्यूटीवरून आलो तर छतावर आठ पॅनेल. तिच्या शाळेच्या नोकरीतल्या पैशांनी घेतली, त्यामुळे बोलायची सोय नाही. मीटरही नवा लागलाय, जिन्याखाली.

संकल्प: त्या मीटरकडे बघायचं नाही.

१२ फेब्रुवारी
नऊ युनिट.

१३ फेब्रुवारी
अकरा पूर्णांक चार. निव्वळ तांत्रिक कुतूहल. शत्रूची ताकद ठाऊक असावी.

६ मार्च
निवेदनाची अडीच पानं झाली. पहिलं पान माझा परिचय.

लोड डिस्पॅचने आता रोजचाच खेळ मांडलाय. दुपारी खाली, संध्याकाळी वर. तात्या (टर्बाइन आणि बॉयलर त्यांच्या हातात, माझ्याहून चार वर्षांनी मोठे) म्हणाले, या चढ-उताराने बॉयलरच्या नळ्या थकतात. जुनं हाड आहे, जपून घ्या. मी म्हटलं, तात्या, जुनं म्हणजेच मजबूत. तात्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

१९ एप्रिल
मोठ्या साहेबांना निवेदन दाखवलं. सहा पानं झाली आहेत, पण अक्षर मोठं आहे. ते म्हणाले, संध्याकाळचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच आपल्या जुन्या कोळशाच्या यार्डात मोठ्या बॅटऱ्या बसवणार आहेत. दिवसाची वीज साठवायची, संध्याकाळी सोडायची. थोडक्यात, माझा मुद्दा सरकारला मान्य आहे. फक्त उपाय चुकला.

साहेबांनी असंही विचारलं की तुम्ही त्या बॅटरीच्या ट्रेनिंगला नाव देता का. अर्ज ऑनलाइन आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

२ जून
लेक चार दिवस आली आहे. जेवताना तिला म्हटलं, ज्या दिवशी आमचं युनिट थांबेल त्या दिवशी कळेल देशाला. निम्मा देश अंधारात जाईल. ती म्हणाली, बाबा, निम्मा नाही जाणार. मी विचारलं, मग किती. ती भाजी वाढून घेत म्हणाली, तुम्ही जेवा आधी.

म्हणजे आकडा तिलाही सांगता आला नाही.

१४ जुलै
ढग. कालपासून देशभर. जिन्याखालचा मीटर: एक पूर्णांक दोन. बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघितलं, आणि छत्री शोधू लागली.

१५ जुलै, दुपार चार
माझा दिवस.

सकाळी साडेदहाला त्या मुलीचा फोन. आवाजात काळजी. काका, दोनशे दहावर किती वेळात याल? नियमाने तीन तास लागतात. मी म्हटलं, दीड. ती म्हणाली, एवढी घाई नाही, बाकीचे आहेत, सावकाश या. मी म्हटलं, दीड म्हणजे दीड.

तात्या जवळ येऊन हळूच म्हणाले, अजून तासभर द्या, धातूचं तापमान भराभर चढतंय. मी त्यांना सांगितलं, देश वाट बघतोय. त्यांनी नोंदवहीत वेळ लिहिली आणि खाली 'सूचना दिली' असं लिहिलं. त्यांची सवयच आहे.

एकशे नव्वदपर्यंत सुरेख गेलं. मग बॉयलरमधून फुस्स. नळी फुटली. बारा वाजून आठ मिनिटांनी युनिट ट्रिप. एकशे नव्वद मेगावॉट एका क्षणात शून्य.

वेल्डिंग जुनं होतं. दुसरं कारण संभवत नाही.

मी फोनजवळ उभा राहिलो. देश अंधारात गेला असणार, आता सगळीकडून फोन येणार. उत्तर तयार ठेवलं. पाच मिनिटं फोन वाजला नाही. मग मीच केला. मुलगी म्हणाली, हो काका, दिसलं स्क्रीनवर. उत्तरेकडे वारा चांगला आहे, धरणाचं पाणीही सोडलंय, तुम्ही निवांत दुरुस्ती करा. कोणाला लागलं नाही ना? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग ठीक.

निवांत म्हणाली.

१५ जुलै, संध्याकाळ
घरी आल्यावर विचारलं, बारा आठला दिवे गेले होते का? बायको म्हणाली, नाही. निदान क्षणभर मंद झाले असतील? ती म्हणाली, मी मिक्सर लावला होता, चालू होता.

शेजारी विचारून आलो. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडेही. त्याने त्याच वेळी एकाच्या डोक्यावर मशीन फिरवलं होतं, कुठे अडकलं नाही.

३० जुलै
चौकशी समितीचा अहवाल. नळ्यांची दुरुस्ती करण्याऐवजी युनिट आत्ताच बंद करावं, नाहीतरी पाचच महिने उरले होते. अहवालात 'लोड निर्धारित वेगापेक्षा जलद वाढवल्यामुळे' असं एक वाक्य आहे. नाव कोणाचं नाही. सगळ्यांनी ते वाक्य वाचलं आणि माझ्याकडे न बघता चहा घेतला. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तात्यांना म्हटलं, माझ्यामुळे तुमचे पाच महिने गेले. ते म्हणाले, गुडघ्याला बरंच झालं. मग थोडा वेळ आम्ही दोघे कंट्रोल रूमच्या बंद पॅनेलसमोर बसून होतो. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. पंख्याचा खडखडाट आहे हे आज कळलं.

८ ऑगस्ट
निरोप समारंभ. शेवटचं 'बंद' बटण दाबायचा मान मला. भाषण आठ मिनिटांचं तयार होतं. प्रत्यक्षात युनिट तीन आठवड्यांपूर्वीच बंद असल्यामुळे बटण दाबून काहीच झालं नाही. फोटोवाला म्हणाला, पुन्हा एकदा दाबा, डोळे मिटले होते. तीनदा दाबलं. भाषणाच्या वेळी लोक जेवायला उठले.

निवेदन मंत्रालयाला पाठवलं नाही. सध्या वेळ योग्य नाही.

१७ ऑगस्ट, सकाळ
बॅटरी ट्रेनिंगचा अर्ज भरला. लेकीने फोनवरून सांगितलं, मी बोटाने दाबलं. मी जातोय ते शिकायला नव्हे. आपला एक माणूस तिथे आत असावा म्हणून.

'पूर्वानुभव' या रकान्यात लिहायची सोय नाही, यादीतून निवडायचं. सौर, पवन, जल, बॅटरी, इतर. यादी तीनदा वरखाली केली. लेक म्हणाली, बाबा, सापडलं का? मी म्हटलं, सापडलं.

इतर.

सोमवारी नऊला वर्ग. डबा आपापला आणायचा आहे.