सेकंड शिफ्टमधली गिटार

गुरुवार, १५ जून १९७८

कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून माझ्या बाहेरच्या खोलीची वाटही लागते गुरुवारीच! दुपारी दोनपासून हे आणि यांच्या टूलरूममधले — कंपनीची हत्यारं, साचे घडवतात तिथले — मुकुंदभावजी गिटारी घेऊन बसले. गणपतीत कंपनीच्या कार्यक्रमात दोन इंग्रजी गाणी वाजवायची आहेत. रॉक म्हणे! हे वाजवतात लीड — म्हणजे एकेका तारेवर सूर पळवायचे आणि मिरवायचं. भावजी ऱ्हिदम — चार-पाच तारा एकदम दाबून, त्याला कॉर्ड म्हणतात, मागून ठोका धरून ठेवायचा. यांची बोटं सुरेख पळतात, फक्त ठोक्याच्या पुढे पळतात. भावजी बिचारे धावत जाऊन गाठतात.

मी भावजींच्या समोर बसून तांदूळ निवडत होते. चौथा गुरुवार हा. भावजी हसून म्हणाले, "वहिनी, शिकता का?" तर हे म्हणाले, "तिला कशाला त्रास? बोटं सोलवटतात."

मायेनंच म्हणाले. पण मला राग आला. सहा वर्षं या घरची भांडी घासून माझी बोटं काय लोण्याची राहिलीत?

सोमवार, १९ जून

यांची सेकंड शिफ्ट. मी शिकवते ती शाळा सकाळची, साडेबाराला घरी. हे अडीचला बाहेर पडले. तीन वाजता दाराला कडी घातली आणि खुंटीवरची गिटार काढली!

समोर बसून भावजींना बघत होते, तश्शी धरली. त्यांची बोटं कुठे असतात ते डोळे मिटले तरी दिसतं. अर्धा तास नुसता खरखराट. मग एकदम एक कॉर्ड लागली. खरंच लागली! घाबरून परत खुंटीला.

बुधवार, २८ जून

बोटं सोलली. यांचंच खरं झालं. शाळेत खडू धरवेना. मुलांना पाढे म्हणायला लावले आणि गप्प बसले.

मंगळवार, ४ जुलै

शालनबाई — आमच्या घरमालकीण, भिंतीपलीकडेच राहतात — नळावर भेटल्या.

"दुपारचं काय वाजतंय गं तुझ्याकडं?"

"रेडिओ."

"आसं व्हय? मंग मधीमधी चुकतोय कसा त्यो?"

बादली उचलून पळाले.

गुरुवार, १३ जुलै

घात झाला! आज जागा नव्हती म्हणून भावजींच्या शेजारी बसले. बघते तर त्यांचा डावा हात तारा दाबतोय, उजवा चकतीनं छेडतोय. माझं सगळं उलटं! समोरून बघून शिकले ना — आरशात बघितल्यासारखं. सोलली ती उजवी बोटं, म्हणून खडू धरवत नव्हता. शाळामास्तरीण म्हणे!

एवढ्यावर भागलं नाही. गिटारीच्या भोकाखाली एक काळी पट्टी आहे. मला वाटलं शोभेची. आज हे भावजींना म्हणाले, "ही पट्टी नसती तर चकतीनं लाकूड पार ओरबाडून निघालं असतं." मी उलटी धरते तेव्हा पट्टी जाते वर, आणि माझी चकती — साबणाच्या डबीच्या झाकणाचा तुकडा तो — घासते उघड्या लाकडावर.

शुक्रवार, १४ जुलै

ओरखडे आहेत. बारीक आहेत, पण आहेत. खोबरेल लावून पाहिलं.

सुलट धरून वाजवायला बसले. एक कॉर्ड येईल तर शपथ! रडू आलं, मागच्या दारात जाऊन बसले. शालनबाई परसात भाजी खुरपत होत्या. बघून म्हणाल्या, "आज रेडिओ बंद?" मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

त्या खुरपं वर करून दाखवत म्हणाल्या, "ह्ये बघ. म्या जन्मभर डाव्या हातानं खुरपतीया. गवताला काय कळतंय व्हय? वाजव तू. म्या न्हाई सांगायची कुणाला."

उलटं तर उलटं.

शनिवार, २२ जुलै

यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा आज चार्जमन झाला, म्हणजे यांच्याच वरचा. हे आठ वर्षं तिथे आहेत. जेवले नाहीत. "पेढा खाल्लाय कंपनीत," एवढंच म्हणाले, आणि गिटार घेऊन बसले.

मी आत कणीक मळत होते आणि माझा पाय आपोआप ठोका धरत होता. हे पुढे पळाले. दोनदा. तीनदा. मला आता ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता वाजवता येतं. महिन्याभरात! यांना दोन वर्षं झाली.

हे कसं सांगू? त्या कंपनीत त्यांना कोणी विचारत नाही. ही एक गोष्ट त्यांची स्वतःची आहे. तिथेही बायको पुढे गेली असं कळलं, तर त्या माणसाला उरलं काय? तोंड बंद, पद्मजाबाई!

बुधवार, २ ऑगस्ट

हे गिटार घेऊन खिडकीत उभे होते. उजेडात तिरकी धरली, लाकडावरून अंगठा फिरवला. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

"घरात उंदीर झालेत वाटतं," म्हणाले.

संध्याकाळी शालनबाईंकडून पिंजरा आणला. त्यात चपातीचा तुकडा मी माझ्या हातानं लावला! किती खोटं वागायचं माणसानं?

गुरुवार, १० ऑगस्ट

भावजींना नाशिकला चांगली नोकरी लागली. २७ तारखेला, रविवारी निघणार. पेढे आणले होते. हे हसले, पाठ थोपटली. भावजी म्हणाले, "कार्यक्रमाचं काय रे, हरिहर?"

"काय असायचंय? नाव काढून घेतो. ऱ्हिदमशिवाय लीड म्हणजे एकट्यानंच बडबडत सुटायचं. माझी गिटारही ने तू. तिकडे कुणीतरी घेईल."

गिटारही! मी दारात बशा धरून उभी. मी वाजवते म्हणायचं, एवढंच. तीन शब्दसुद्धा नाहीत. चहा गार झाला बशीत.

बुधवार, १६ ऑगस्ट

आज ठरवून बसले. ताट वाढलं आणि म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "सांग ना."

"आमटीत मीठ कमी झालंय का?"

"नाही," म्हणाले. तरी बराच वेळ बघत होते. मग जेवायला लागले.

मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

शनिवार, १९ ऑगस्ट

शाळेतून आले तर खुंटी रिकामी. हे गिटार गुंडाळून बसलेले, टूलरूममध्ये न्यायची म्हणे. "द्यायचीच आहे तर नीट करून द्यावी." मी बरं म्हटलं. दुपारभर काय करावं सुचेना. शेवटी नको असताना डबे घासले. शालनबाई भिंतीवर थाप मारून म्हणाल्या, "रेडिओ बिघडला व्हय गं?" बोटांची टोकं आता कातड्यासारखी टणक झालीत आणि त्यांना काम नाही. मी हरले. माझ्या भित्रेपणानं यांनाही हरवलं.

बुधवार, २३ ऑगस्ट

गिटार खुंटीवर आहे. तिच्यावर नवी काळी पट्टी बसवलीय — दुसऱ्या अंगाला, माझ्या ओरखड्यांवर. कडा कानशीनं घासून गोल केल्यात, इतक्या की बोट फिरवलं तरी कळू नये. यांचा हात तिथे कधीच जात नाही; गिटार उलटी धरणाऱ्याचाच जातो. पिंजराही यांनीच धुऊन शालनबाईंना परत केलाय.

उद्या गुरुवार. तांदूळ निवडायचे राहिले तर राहोत.