आजची ओळ

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर ऐकूही येणार नाही, तरी मी लिहायला बसले आहे. लोक म्हणतील, सासू जाऊन पंधरा वर्षं झाली आणि हिला आता कंठ फुटला. फुटू दे. दुपारची भांडी घासून झाली आहेत, हे ओट्यावर सुंभ वळत बसलेत, आणि माझ्यापुढे दौत, टाक आणि तुमची दोन कार्डं आहेत. एक मुंबईला जाऊन परत आलेलं, एक कधीच न गेलेलं. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका चुलीपुढे बसणाऱ्यांना पत्राची काय गरज? तुमच्या तोंडचं मात्र रोज लिहिलं. लिहिणं म्हणून जे काही मला येतं ते तेवढंच.

तुम्ही मला बघायला आलात तो दिवस आठवतो. माझे वडील रत्नागिरीत शाळेत शिपाई, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले, आणि तेच लग्नाच्या आड येत होतं. शिकलेली पोर शेण काय काढणार, असं म्हणून दोन-तीन जण परत गेले होते. तुम्ही खाडीपलीकडून तरीच्या होडीने आलात, पायांना तांबडी माती, आणि पोह्यांना हात लावायच्या आधी ओच्यातून एक कोरं कार्ड काढलंत. "लिव बघू कायतरी." काय लिहू, म्हणून विचारलं तर म्हणालात, "आज काय झाला ता लिव." मी घाबरून लिहिलं, 'आज मला बघायला आले.' वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही एवढ्याने हसलात की माझी आई आतून धावत आली. तिला तुम्ही सांगितलंत, "मना सोना नको, नाणा नको. मना लिवणारी सून हवी." तेच कार्ड पुढे माझ्याकडूनच भरून घेऊन तुम्ही यांना धाडलंत. यांना बायको ठरल्याची बातमी माझ्याच हस्ताक्षरात गेली, असं गावात कुणाचं झालं नसेल.

लिवणारी सून कशाला हवी होती ते घरात आल्यावर कळलं. हे मुंबईला गिरणीत. यांनाही अक्षर येत नव्हतं. खोलीतला एक गाववाला कार्ड वाचून दाखवायचा. इकडे तुम्ही महिन्याकाठी तरीवरच्या कारकुनापुढे जाऊन उभ्या राहायच्या. उभं राहिलं की नेमकं काही आठवायचं नाही, आणि त्या गृहस्थाला घाई, तो 'इकडील सर्व क्षेम' लिहून मोकळा. "माझा आख्खा महिना मेल्यानं दोन शब्दांत गुंडाळला," हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत देव जाणे. म्हणून तुम्ही तुमची रीत काढलीत. कार्ड भिंतीतल्या दिवळीत, मिठाच्या मडक्यामागे ठेवायचं. सकाळची पेज झाली की काढायचं आणि एक ओळ लिहायची. एकच, आणि तीही आजची. पंधरा-सोळा ओळी झाल्या की कार्ड भरलं, मग ते पेटीत टाकायचं. कालचं राहिलेलं आज लिहू म्हटलं तर ओरडायच्या, "कालचा काल गेला. आज डोळ्यांनी काय बगितलंस?" काही झालंच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. एकदा मी तापाने फणफणले होते, तर तुम्ही उशाशी येऊन हातात टाक दिलात. "ताप आलाय ना? मग लिव, आज सुनेला ताप आला. झाली की ओळ." मला तेव्हा एवढा राग आला होता! आज वाटतं, तो टाक कुणीतरी पुन्हा हातात द्यावा.

काय काय गेलं त्या ओळींतून. 'आज कोंबडीने चूल उकरली.' 'आज भाजावळीत ठिणगी उडून माझ्या लुगड्याला भोक पडलं.' 'आज तरवाला पिऊन आला, आम्ही बायकांनीच होडी वल्हवली.' लिहून झालं की तुम्ही म्हणायच्या, "वाच." मी वाचायची. मग कार्ड हातात घेऊन ओळीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवायच्या. मला वाटायचं, लाड करतायत अक्षरांचे. एक दिवस तुम्ही सांगितलंत, 'आज फणस काढला,' आणि मी पुढे हळूच जोडलं, 'आणि तुमची फार आठवण येते.' वाचताना ते गाळलं. तुमचं बोट फिरत फिरत कार्डाच्या कडेला गेलं आणि थांबलं. "गो, मी एवढासा बोल्लंय, आणि ओळ दारापर्यंत कशी गेली?" मी म्हटलं, अक्षरं जरा मोठी आली. "काल बारकी होती ती?" माझे कान तापले. तुम्ही मात्र कार्ड माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "तुला बोलायचा असंल तर तुझी ओळ वेगळी घे. माझ्या तोंडात तुझा घास नको." तेव्हापासून प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ माझी झाली. ती तुम्ही मला कधी वाचायला सांगितली नाहीत, तिच्यावर कधी बोटही फिरवलं नाहीत.

आता ते वर्ष. लग्नाला तिसरं लागलेलं, मला दिवस गेलेले, भाद्रपदात बाळंतपण. यांना वर्षाला एकच रजा, मागल्या वर्षीची मार्गशीर्षात घेऊन गेलेले. मी माझ्या ओळीत कळवलं होतं, शिमग्याला येऊ नका, गणपतीला या, आणि त्याप्रमाणे हे शिमग्याला आले नव्हते. वैशाखात शेताची भाजावळ उरकली आणि तुम्ही आडव्या झालात. तशा दर वर्षीच दोन दिवस पडायच्या. या खेपेला आठ झाले. नवव्या दिवशी पेज तशीच ठेवलीत आणि म्हणालात, "कार्ड आण." मी आणलं. तुम्ही सांगितलंत, "आज उठवत नाय. बोटी बंद व्हायच्या आत एकदा येऊन जा, तुला बगायचा हाय." मी टाक बुडवला, निथळला, परत बुडवला. ज्येष्ठात आगबोटी बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबई आम्हाला तुटते. आत्ता आले तर रजा संपली, मग भाद्रपदात मी एकटी. आत्याबाई, मला मरणाची भीती वाटत होती. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती, आणि मला हे त्या वेळी दाराशी हवे होते. तुम्ही काय, दोन दिवसांत उठाल, असं मनाला सांगितलं आणि लिहिलं, 'आज आंबे उतरवले.' तुम्ही म्हणालात, "वाच." मी तुम्ही सांगितलेलं सगळं वाचलं, 'तुला बगायचा हाय'पर्यंत, न अडखळता. मग तुम्ही कार्ड मागितलंत. त्याचं पुढे सांगते. आत्ता हात चालत नाही.

बोटी बंद झाल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तार केली. हे कोल्हापूरवरून, घाट उतरून, नवव्या दिवशी पोहोचले. दाढी वाढलेली, वहाण तुटलेली. पिंडाचं आवरल्यावर मागल्या दारी येऊन मला एवढंच विचारलं, "आयेनं मना बोलावला नाय?" मी म्हटलं, नाही. "कार्डात तर आंबेच होते," म्हणाले. रजा तिथे संपली. भाद्रपदात मुलगी झाली, दोघी वाचलो, पण दाराशी हे नव्हतेच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

त्यानंतर माझा लिहिता हात आखडला. म्हणजे काम सगळं होत होतं, लावणी, कापणी, पोर, पण टाक धरला की शाई टोकावर सुकायची आणि अक्षर उतरायचं नाही. पलीकडच्या घरची वहिनी कार्ड घेऊन आली. तिच्या नवऱ्याला कळवायचं होतं की सासऱ्याने घरातून वेगळं काढलं. अर्धा तास बसली बिचारी. शेवटी मी म्हटलं, डोळे दुखतात. ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "डोळे दुखतात, मग तांदळातले खडे कशी वेचतंस?" गेली त्या तरीवरच्या कारकुनाकडे, आणि तिचं एवढं मोठं दुःख 'सर्व क्षेम' होऊन मुंबईला गेलं. मीसुद्धा यांना त्याच कारकुनाकडून 'सर्व क्षेम' धाडत होते. अशी पाच वर्षं गेली. लिवणारी सून म्हणून आणलेली, आणि घरात दौत उपडी.

मग एका दिवाळीआधी दिवळी सारवायला मिठाचं मडकं हलवलं, तर मागे हे दुसरं कार्ड भिंतीला चिकटलेलं. मिठाच्या ओलीने पिवळं पडलेलं. तुमच्या सात ओळी, शेवटची 'आज पेज गोड लागली.' त्याच्याखाली अर्धं कार्ड कोरं. मी शेणाचे हात तसेच ठेवून मोठ्याने रडले. पोर घाबरून शेजारी पळाली. रडून झाल्यावर हात धुतले, दौतीत पाणी घातलं, आणि तुमच्या ओळीखाली लिहिलं, 'आज दिवळी सारवली.' तीन शब्द, त्याला दुपारची संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी काहीच सुचेना, म्हणून लिहिलं, 'आज काही लिहवत नाही.' झाली की ओळ, असं तुम्ही म्हणाला असतात. तिसऱ्या दिवशी 'आज म्हशीने दूध चोरलं.' तुमचा नियम मोडला नाही: पेज झाली की बसायचं, सुचो न सुचो, आजचं एक लिहायचं आणि उठायचं. कार्ड भरलं तेव्हा वाण्याच्या पुड्यांचे कागद घेतले. कधी ओळ दुसऱ्या ओळीत सांडायला लागली, कधी पान भरायला लागलं. शिमगा आला तेव्हा मी कुंपणावरून वहिनीला हाक मारली, "कार्ड आण गं." ती म्हणाली, "बरे झाले वाटतं डोळे!" आता दुपारी चार-पाच जणी येतात. मागल्या वर्षी मुंबईच्या एका मासिकात तरीवरच्या बायकांवर माझी चार पानं छापून आली. लोक विचारतात, सुचतं कसं. मला कुठे काय सुचतं? रोज बसते, एवढंच. पण आत्याबाई, दहा वर्षांच्या ओळींत कोंबडी आली, म्हैस आली, शेजारणीची भांडणं आली, ती एक ओळ आली नाही. रोज तिच्या कडेकडेने लिहीत आले.

दोन वर्षांपूर्वी यांची छाती बिघडली, गिरणी सुटली, हे कायमचे घरी आले. ट्रंकेत तुमची सगळी कार्डं, सुतळीने बांधलेली. वाचता येत नाहीत, तरी एक टाकलं नव्हतं. त्यातलं ते आंब्याचं कार्ड मी काढून घेतलं, ते आत्ता पुढ्यात आहे. तेव्हा आता सांगते. तुम्ही त्या ओळीवर बोट फिरवलं होतंत. एवढं सगळं बोलला होतात, आणि बोट तीन शब्दांत संपलं. पुढे कार्ड कोरं. तुम्ही बोट तिथेच ठेवलंत. माझ्या पोटाकडे बघितलंत. म्हणालात, "बरी आली ओळ," आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलेली ओळ त्याच्याच खाली आहे, माझ्या अक्षरात: 'आज बरं हाय. गणपतीला ये, सून वाट बघतंय.' त्या दिवशी तुम्हाला उठून बसवतही नव्हतं. नियम तुम्हीच घातलेला, खरं तेच सांगायचं, आणि तो तुम्ही मोडलात तो माझ्यासाठी. पंधरा वर्षं मी मनाला सांगत आले की तुम्हाला कळलं नव्हतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. एकदा ओरडायचं होतंत हो! ओळ दारापर्यंत का गेली म्हणून ओरडलात, मग दाराआधीच का थांबली म्हणून का नाही ओरडलात? फार आठवण येते तुमची. पेज झाली की अजून कान तिकडे जातात, "कार्ड आण" म्हणाल म्हणून.

एवढं लिहिलं आणि हे सुंभ टाकून आत आले. "काय लिवतंस गो एवढा?" म्हटलं, आजची ओळ. "वाच की." तुमच्यासारखंच म्हणाले, अगदी तुमच्याच सुरात. मी पानावर नजर धरली आणि वाचलं, "आज परसात वाल टाकले." यांनी पानं उचलली, एकेक उलटली, शेवटच्या पानावर वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. "वालांना लई पानं लागली," म्हणाले, आणि पाय धुवायला मागल्या दारी गेले. पाण्याचा आवाज येतो आहे. हाक मारली तर ऐकू जाईल. मी मारलेली नाही.

तर आत्याबाई, आजची ओळ. आज मी पुन्हा लिहिलं एक आणि वाचलं दुसरं. ही ओळ खरी आहे, बोट फिरवून बघा.