वायर जिथल्या तिथंच हाय

सोलापूर, बुधवार

प्रिय सिद्धूच्या अप्पा,

तुमचा राग उतरला असंल नसंल, माझा उतरला न्हाय म्हणून लिवतेय. परवा फोनवर तुमी मला अडाणी म्हणलात. आत्याबाईंच्या म्होरं, स्पीकर चालू असताना. "हात लावू नको म्हणलं हुतं त्या डब्याला. तूच वायरी हलवल्यास, म्हणून लेकीला माझा आवाज जाईना." मी वायरी हलवल्या न्हाईत. शंभरदा इचारा, शंभरदा हेच सांगीन.

गड्ड्याच्या जत्रेला पुण्यासनं दोन दिस आलात. लेकीला जत्रा दावायची सोडून त्यो डबा घेऊन बसलात. तुमच्या ऑफिसनं भंगारात काढलेला छोटा कॉम्प्युटर, टिफिनएवढा. नेटवाल्यानं दिलेला राउटर मंद हाय, आता ह्यालाच राउटर करायचा, म्हणलात. जगातल्या लोकांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर हाय, फुकट हाय, कुणीबी आत डोकावून बगावं असं हाय, म्हणून मला समजावत हुता. पेन ड्राइव्हवरनं ते आत घातलंत, डब्यातलं जुनं समदं पुसून गेलं. मी मागं टॉर्च धरून हुबी. आन् पयल्यांदा वायरी तुमीच उलट्या घातल्या की! बाहेरची लाईन घरच्या भोकात, घरची बाहेरच्या भोकात. तासभर नेट न्हाय. तवा कोण अडाणी हुतं? मीच म्हणले, बाहेरच्या लायनीच्या भोकावर कुंकवाचं बोट लावते, म्हंजी परत चुकायचं न्हाय. तुमी हसलात, पण लावू दिलंत. ते कुंकू आजबी हाय, वायर त्याच भोकात हाय. वायफाय द्यायला जुना राउटर शेजारी ठिवलाय, त्योबी तितंच. झाडतानासुदिक मी चार बोटं लांबनं झाडते.

आन् नेट झकास चाललंय हो. तुमच्या मागं चहावाला कप आपटतो, त्योबी मला ऐकू येतोय. तुमी "सिद्धव्वा, ए सिद्धव्वा" म्हणून घसा फोडता, तेबी येतंय. आन् ती माझ्या मांडीवर बसून माझी बांगडी फिरवत ऱ्हाती. कुणी हाक मारतंय हे तिच्या गावीबी न्हाय.

आदी तर बगायची, असं म्हणाल तुमी. ती बगायची न्हाय, मी बगायला लावायची. तुमी हाक मारली की मी तिच्या पाठीवर हळूच बोट टेकवायची. ती मान वर करायची, तुमचं तोंड दिसलं की खुदकन हसायची. तुमी खूश. चार म्हैने मी हेच केलं. तुमाला फसवलं म्हणा, मला फसवलं म्हणा. नेट खराब हुतं तवर मलाबी बरं वाटायचं. समद्यांस्नी सांगायची, आवाज तुटतो, लेकरू काय करंल? तुमचा डबा चालू झाला आन् दोष द्यायला कायच उरलं न्हाय. म्हणून गेल्या आठवड्यात मी बोट टेकवायचं सोडलं.

मग एक दिस तिच्या पाठीमागं पितळंची परात टाकली. शेजारच्या चंद्रव्वा पळत आल्या, "काय गं पडलं?" म्हणून. सिद्धूनं मान वळवली न्हाय. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणतात, "माझा मल्लिनाथबी", म्हंजी तुमीच, "तीन वर्सांनी बोलला. वेखंड उगाळून लाव जिभंला." ते तर मी म्हैनाभर आदीपासनंच लावतेय की! तुमी वायरी बगताय, त्या जीभ बगतायत, लेकीच्या कानाकडं बगायला कुणाला सवड हाय? पावणेदोन वर्सांची झाली. अजून आई म्हणली न्हाय मला. मी सातवी शिकलेली, मला त्या डब्यातलं काय कळत न्हाय. पर लेकरू माझं हाय, ते मला कळतंय.

अंगणवाडीच्या ताईंनी सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. येत्या मंगळवारी सकाळी धा वाजता. लेकराला झोपवून डोक्याला वायरी चिकटवत्यात म्हणं, आन् कान तपासत्यात. फोनवर सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही बारीला तुमी म्हणलात, डबा बंद करून चालू कर. म्हणून पुण्याच्या गाडीवरच्या ईरप्पा मामांच्या हातात हे पत्र देतेय. येत्या रविवारी येऊन समदं पुसून सॉफ्टवेअर नव्यानं घालतो म्हणलात. नगा घालू. डब्याला कायबी झालेलं न्हाय. रविवारी या, पण मंगळवारची सुट्टी काढून या. मला लई भ्या वाटतंय. डाक्टर काय सांगत्याल ते मी एकटी घेऊन घरला येणार न्हाय, आदीच सांगून ठिवते. आन् आल्यावर दारातनं हाक मारू नगा. म्होरं येऊन बसा, तिला तुमचं तोंड दिसू द्या.

रागावलेली, तरीबी तुमचीच,
जगदेवी