रामनवमीपर्यंत एक पडवळ

मेलवीथी, तंजावूर
चैत्र शुद्ध द्वितीया, सोमवार

तीर्थस्वरूप सीतारामराव भावोजी यांच्या चरणी व्यंकटरमणाचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी प्रकृती विचारावी आणि उत्तराला जागाच न ठेवता पुढे निघून जावे, ही रीत मला कधी पटली नाही. म्हणून आपल्या गुडघ्याची आणि भवानी अक्काच्या रक्तदाबाची चौकशी करून मी येथे क्षणभर थांबलो आहे. (थांबलो.) आमच्याकडे कामाक्षी ठीक आहे आणि मीही ठीक आहे, फक्त माझी मान माडीवर वर पाहून पाहून आखडली आहे. तिचे कारण पुढे येईलच. हे पत्र अक्काला मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवावे. दोन्ही घरांत मिळून देवनागरी वाचणारे आता आपण दोघेच उरलो आहोत, तेव्हा हे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतील.

प्रथम एक कोडे घालतो. ते आपल्या नजरेला अनेकदा पडले असेल. पडवळाचा वेल मांडवावर चढतो, पांढऱ्या झालरीच्या फुलांनी भरून जातो, आणि तरी पंधरा-पंधरा दिवस त्याला एकही फळ धरत नाही. फुले रोज उमलतात, रोज गळतात. असे का व्हावे? आपण चाळीस वर्षे कालव्याकाठी शेती केलीत, त्यामुळे याचे उत्तर आपल्याला ठाऊक असणार. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि क्रमाने समजावून घेणे वेगळे, असे मी चौतीस वर्षे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सांगत आलो, आणि निवृत्तीनंतर ती सवय सुटलेली नाही. पडवळाच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नरफुले घोसाने, लांब दांड्यावर. मादीफूल एकटे, पानाच्या बगलेत, आणि त्याच्या पाठीशी काडीएवढे हिरवे पडवळ आधीपासून बांधलेले. वेल आधी नरफुलेच काढतो, कारण ती त्याला स्वस्त पडतात. फळ पोसणे खर्चाचे काम आहे, ते अंगात ताकद आल्यावाचून तो हाती घेत नाही. त्यात उकाडा वाढला किंवा खत जास्त झाले, तर मादीफुले आणखी लांबतात. (आमच्याकडे दोन्ही झाले आहे. तंजावूरच्या वसंतात कोकिळेच्या आधी पंखे सुरू होतात, आणि शेंगदाण्याच्या पेंडीचे प्रमाण मी पुस्तकातून घेतले, ते एकरी होते हे नंतर लक्षात आले.)

आता या वयात मी पडवळ का लावले, हेही सांगितले पाहिजे, कारण अक्काने एकच बाजू ऐकली असण्याचा संभव आहे. आपल्या भरद्वाजाने (थोरल्या दादांचा मुलगा म्हणून त्याच्यावर माझे प्रेमच आहे) यंदाची रामनवमी चेन्नैला त्याच्या फ्लॅटवर करावी असे सुचविले. इमारतीत हॉल आहे, लिफ्ट आहे, स्वयंपाकाला माणसे मिळतात, आणि देवघरातील रामाची तसबीर तो स्वतः गाडीतून नेणार होता. तसबीर एकदा गेली की परत येत नाही, हे मला कळते. मग रामनवमीला मी आणि कामाक्षी असे दोघेच पानकाचे पातेले मध्ये ठेवून दाराकडे पाहत बसू. तेव्हा मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर शांतपणे लिहिले की आपल्या घराण्याच्या नैवेद्यात स्वतःच्या मातीत आलेली एक भाजी असावी लागते, आणि सातव्या मजल्यावर माती नसते. माझ्या मते हा युक्तिवाद बिनतोड होता. दहा मिनिटांनी भरद्वाजाचा फोन आला. तो म्हणाला, “काका, तुमच्या घरीं तरी माती कोठे आहे? गेटापासून विहिरीपर्यंत तुम्हींच सिमेंट घातलें ना?” अक्काने दोघांचे ऐकून घेतले आणि निकाल दिला की व्यंकूने रामनवमीपर्यंत भाजी काढून दाखवावी. निघाली तर राम तंजावूरला, नाही तर चेन्नैला. तेव्हापासून दर शुक्रवारी तिचा फोन येतो आणि ती एवढेच विचारते, “व्यंकू, पडवळ दिसतें का, की अजून समजावूनच सांगतोस?”

पोंगल आटोपताच मी कामाला लागलो. कालव्यातील गाळ, शेणखत आणि वाळू समभाग मिसळून चोवीस पिशव्या भरल्या आणि माडीवर, म्हणजे उघड्या गच्चीत, चारचारांच्या सहा ओळींत मांडल्या. बारा पिशव्यांत पडवळ, सहांत वांगी, सहांत भेंडी. पडवळाच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या एक रात्र भिजवून, टोक खाली करून, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोचल्या. येथवर कोणालाही दोष काढता येणार नाही. त्यानंतर मी प्रत्येक पिशवीवर पाटी लावली. पाटीवर पिकाचे नाव, पेरणीची तिथी, पाण्याचे माप आणि विरळणीचा दिवस, हे सर्व मी वळणदार देवनागरीत लिहिले. आपल्या तंजावुरी मराठी लोकांच्या घरांतून ही लिपी नाहीशी होत चालली आहे, ती निदान आमच्या माडीवर तरी दिसावी, असा माझा त्यात हेतू होता.

कामाक्षीने पाट्या पाहिल्या आणि म्हटले, “मला तमिळच वाचतां येतें, हें तुम्हांस ठाऊक आहे. झाडांस देवनागरी येते का?”

मी तिला पाट्या वाचून दाखवू शकलो असतो. तसे न करता मी तिला लिपी शिकविण्याचे ठरविले. (हे शिक्षकाचे व्यंग आहे. कोणी वेळ विचारली की आम्ही घड्याळाच्या रचनेपासून सुरुवात करतो.) रोज सकाळी कॉफीनंतर अर्धा तास, पहिल्या आठवड्यात स्वर, दुसऱ्यात क-वर्ग. च-वर्गाच्या मध्यावर मला एका सत्काराच्या कामाने दोन दिवस कुंभकोणमला जावे लागले, आणि नेमके त्याच दिवशी वांग्यांच्या विरळणीची तिथी होती. निघताना मी सांगून गेलो की काय काढायचे आणि काय ठेवायचे, ते सर्व पाटीवर लिहिलेले आहे. कामाक्षीने पाट्यांसमोर उभी राहून जेवढी अक्षरे ओळखीची होती तेवढी ओळखली, आणि उरलेल्या बाबतीत स्वतःची बुद्धी वापरली. तिच्या बुद्धीप्रमाणे रुंद, लवदार, कोवळी पाने असलेली रोपे म्हणजे कीरै, पालेभाजी. मी परत आलो तेव्हा जेवणात घोटलेल्या पाल्याचे कीरै मसियल होते. मी दोनदा मागून घेतले आणि ही कोणती कीरै, फार रुचकर आहे, असे विचारले. “तुमचीच,” ती म्हणाली. “अकरा पिशव्यांतली.”

वास्तविक पडवळाचा पाला खाण्यास योग्य आहे आणि पचनास हलका असतो. ही माहिती मी तिला त्याच वेळी दिली. बारावे रोप वाचले, त्याचे कारण असे की त्या पिशवीवरील पाटी वाऱ्याने उडाली होती. पाटी नाही तर मालकाला विचारून काढावे, असा सुज्ञ विचार कामाक्षीने केला होता. दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या पाट्यांच्या मागे तमिळमध्ये नावे लिहिली, आणि आजवर त्या तेवीस पिशव्यांत कोणतीही चूक झालेली नाही. वांगी चार-पाच आली होती. ती माकडांनी नेली. भेंडीला फुलकिडे लागले. म्हणून आता सर्व भिस्त त्या बाराव्या वेलावर आहे.

तो मात्र जोमाने वाढला. टाकीच्या खांबावरून चढून त्याने सारा मांडव धरला आणि फाल्गुनाच्या मध्यावर तो फुलांनी भरून गेला. पडवळाचे फूल संध्याकाळी उमलते आणि त्यावर पतंग येतात. पतंगांच्या लहरीवर रामनवमी सोडणे मला अशास्त्रीय वाटले, म्हणून हाताने परागण करण्याचे ठरवून मी कामाक्षीच्या चित्रांच्या पेटीतला सर्वांत बारीक कुंचला मागितला. ती म्हणाली, “त्यानें मी कृष्णाचे डोळे लिहितें. काम झालें कीं धुवून ठेवा. देवाच्या डोळ्यांत पराग नको.” अकरा संध्याकाळी मी कुंचला घेऊन उभा राहिलो. नराचे पराग उचलण्यात माझा हात इतका बसला की तेवढ्यापुरता मी आता जाणकार म्हणवून घेऊ शकतो. परंतु पराग ज्यावर ठेवायचे ते फूल आलेच नव्हते. अकराव्या दिवशी कामाक्षीने खालून विचारले, “नवरीकडचे कोणी आले का?” मी म्हटले, अजून नाही. “मग वऱ्हाडाला खाली बोलवा, इडली निवते आहे.”

असे असले तरी अक्काला कळविण्यास मला समाधान वाटते की गेल्या शुक्रवारपासून आमच्या वेलावर एक पडवळ लोंबत आहे. ते हिरवे आहे, त्यावर पांढरे पट्टे आहेत, आणि सरळ राहावे म्हणून टोकाला दोरीने एक दगडही बांधलेला आहे. मी ते रोज सकाळी डोळ्यांनी पाहतो. वरील प्रत्येक विधान मी विचारपूर्वक केले आहे.

आपला आज्ञाधारक,
व्यंकटरमण

ता. क. १ : अक्काला येथपर्यंतच वाचून दाखवावे. आता तिला पाण्याचा तांब्या आणावयास पाठवावे आणि पुढील मजकूर मनात वाचावा. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आमच्या घरात फोन स्पीकरवरच ठेवण्याची पद्धत आहे, आणि तमिळमध्ये लिहिले तर ते दोन्ही घरांत सर्वांना वाचता येते. सांगायचे ते असे की ते पडवळ वेलाला आलेले नाही. ते वेलाला बांधलेले आहे. केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधले आहे, आणि मोगऱ्याच्या गजऱ्याची ती गाठ मी अडतीस वर्षांच्या संसारात पाहत आलो आहे. शुक्रवारी अक्काचा फोन आला होता आणि मला ‘अजून नाही’ म्हणावे लागले होते. त्यानंतर मी जेवलो नाही, असे कामाक्षीचे म्हणणे आहे. (मी थोडे जेवलो होतो.) सायंकाळी मी माडीवर गेलो तो पडवळ हजर होते. शुक्रवारी त्याची लांबी दीड हात भरली. शनिवारी सव्वा हात. रविवारी ते पुन्हा दीड हात झाले आणि पट्टे उजवीकडचे डावीकडे गेले. तोडलेले पडवळ दुसऱ्या दिवशी मान टाकते, म्हणून कामाक्षी पहाटे बाजारातून नवे आणून बांधते. वनस्पतिशास्त्रात अशा वाढीचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ता. क. २ : मी तिला काही बोललेलो नाही. तीन दिवस आमच्याकडे रोज डाळ घातलेला पडवळाचा कूटु होतो आणि मी रोज विचारतो की बाजारात पडवळ स्वस्त झाले आहे का, आणि ती रोज म्हणते, हो, फार. तिला वाटते की माझ्या चष्म्याच्या काचा जुन्या झाल्या आहेत. तिला तसेच वाटत राहू द्यावे असे मी ठरविले आहे. परंतु तिने बांधलेले पडवळ रामापुढे स्वतःच्या मातीतले म्हणून ठेवणे मला जमणार नाही, आणि त्या दिवशी हे बोलून दाखविणेही जमणार नाही. अक्का विचारील तेव्हा मी काय म्हणेन, याचा मी तीन प्रकारे विचार केला आणि तिन्ही प्रकारांत तसबीर चेन्नैला जाते.

ता. क. ३ : वरील मजकूर लिहून मी बांधलेल्या पडवळाची आजची लांबी मोजण्यास माडीवर गेलो होतो. टेप टाकीमागे पडला, म्हणून वाकलो. तेथे, जेथे मी कुंचला घेऊन एकदाही गेलो नव्हतो, वेलाची एक फांदी भिंतीला चिकटून खाली उतरली आहे, आणि तिच्यावर एक पडवळ आहे. करंगळीएवढे आहे. त्याला कोणी बांधलेले नाही. फूल वाळून टोकाशी चिकटले आहे, म्हणजे परवाच्या संध्याकाळी कोणी तरी पतंग येऊन गेला असावा. जगले, तर रामनवमीपर्यंत एक वीत होईल. त्याहून अधिक होणार नाही, मी वाढीचा हिशेब करून पाहिला. म्हणून ज्या कामासाठी हे सारे पत्र लिहिले असे आता मला वाटते, ते काम असे: आपल्या घराण्याच्या रीतीत ‘स्वतःच्या मातीतली भाजी’ असे म्हटले आहे, तिची लांबी सांगितलेली आहे काय, हे अक्काला विचारावे. मी विचारले असे सांगू नये. आपल्याला सहज आठवले असे म्हणून, दुपारच्या कॉफीच्या वेळी, तिचा रक्तदाब ठीक असताना विचारावे. उत्तर फोनवर कळवावे. लांबी सांगितलेली नसेल, तर गुडघा बरा आहे असे म्हणावे. सांगितलेली असेल, तर गुडघा दुखतो म्हणावे. मी समजेन.

आणि ते जगले की नाही, हे कसे कळते, तेही सांगून ठेवतो, कारण ही परीक्षा आपल्यालाही मळ्यातल्या कोणत्याही वेलावर करून पाहता येईल. फूल वाळल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी, ऊन चढण्याच्या आत जावे. कोवळ्या पडवळाखाली एक बोट धरावे आणि केस सारावा इतक्या हलक्या हाताने ते वर उचलावे. फळ धरले असेल, तर देठ ताठ राहतो आणि बोट काढताच ते पुन्हा आपल्या जागी येते. धरले नसेल, तर काही ओढावे लागत नाही, ते आपोआप तळहातावर येऊन पडते. आमचा तिसरा दिवस उद्या आहे. कामाक्षीला मी सकाळी सहाला माझ्याबरोबर माडीवर येण्यास सांगितले आहे, आणि बोट तिने धरायचे, असे ठरले आहे.